चिमणीच्या पाइपात पारवे

प्रश्न : आमचा फ्लॅट गारखेड्यात, तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपात पारवे घरटं करतात आणि वळवाच्या पावसात पाणीही आत येतं. बाहेरच्या तोंडाला मच्छरजाळी बांधली तर भागेल का?
– एक वाचक, गारखेडा

उत्तर : मच्छरजाळी मुळीच नको. फोडणीचा तेलकट धूर तिच्यावर थापला जातो, भोकं बुजतात आणि धूर घरातच घुटमळतो. त्याऐवजी खाली झुकलेल्या पट्ट्यांची, आत अर्ध्या इंचाची जाळी असलेली स्टीलची काउल कॅप घ्या. घरगुती चिमणीचा पाइप बहुधा 6 इंची असतो, तरी टेप लावून मोजाच. अंदाजाने 4 इंची कॅप आणली, तर मोटर नुसती ओरडते, धूर ओढत नाही.

आधी पाइपात डोकावा. अंडी असतील तर थांबा. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण दीड महिना जातो. मग आतली विष्ठा आणि काळा चिकट थर काढा. मास्क, हातमोजे हवेतच. पाइपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्या, कॅप भिंतीला प्लग-स्क्रूने कसा, वरची आणि बाजूची कड सिलिकॉनने बंद करा. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे शिरलेलं पाणी तिथून निथळतं.

गॅस गिझरचा धूर कुणी याच पाइपात सोडला असेल, तर तो आधी वेगळा करून घ्या. आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून हे काम स्वतः करू नका. सुरक्षापट्टा बांधून काम करणारा कारागीर बोलवा.