आधी फाईल, मग जाहिरात

मुलुंड पूर्वेचं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा आम्हा तिघा भावंडांचं एका गोष्टीवर चटकन एकमत झालं: एजंट नको. मोठी बहीण नाशिकला, धाकटा भाऊ दुबईत आणि मी ठाण्याला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा घर मी विकायचं. एजंट आमच्याकडून १ टक्का मागत होता आणि घेणाऱ्याकडून वेगळा घेणार होता. आमच्या मनातल्या किमतीवर ही रक्कम १ लाखाच्या वर जात होती. चार फोन घ्यायचे, दार उघडून घर दाखवायचं, याचे एवढे पैसे कशासाठी द्यायचे, असं मला मनापासून वाटत होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहिरात टाकली आणि मे २०२४ मध्ये घर विकलं गेलं. पहिल्या गिऱ्हाइकाशी १ कोटी ८ लाखांना ठरलेला व्यवहार मोडला आणि शेवटी घर १ कोटी ४ लाखांना गेलं. एजंटाशिवाय घर विकता येत नाही, असं मी म्हणणार नाही. मी विकलं आहे. पण चांगला एजंट घरात पाऊल टाकल्यावर आधी फाईल मागतो, कागद उलटे-पालटे करून बघतो आणि मग गिऱ्हाईक आणतो. मी गिऱ्हाईक आधी आणलं आणि फाईल नंतर उघडली. पुढचं सगळं त्यातून झालं.

पहिला धडा आठवड्याभरातच मिळाला. जाहिरातीत मी ५४५ चौरस फूट लिहिलं होतं, कारण बाबा नेहमी तसंच सांगायचे. एक तरुण जोडपं घर बघायला आलं. मुलाने खिशातून लेझरचं मोजमाप यंत्र काढलं आणि एकेका भिंतीला लावलं. लाल ठिपका समोरच्या भिंतीवर, आईच्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर स्थिरावला. तो आकडे मोबाइलमध्ये टाकत गेला आणि म्हणाला, “मावशी, कार्पेट ४४० भरतंय. तुमचा भाव कशावर आहे, कार्पेटवर की बिल्टअपवर?” मला उत्तर देता आलं नाही. जुन्या करारातला आकडा बिल्टअप होता, हे मला त्या क्षणी कळलं. जाहिरात देण्याआधी घर टेपने स्वतः मोजा आणि कार्पेटच लिहा. घेणारा आज कार्पेटवरच हिशेब करतो, आणि पहिल्याच भेटीत आकडा खोटा ठरला की पुढे तुम्ही जे सांगाल त्याकडे तो संशयाने बघतो.

जाहिरातीनंतर येणाऱ्या फोनबद्दलही सांगायला हवं. पहिल्या दहा फोनांत सात तरी एजंटांचे होते, आणि त्यांतले काही गिऱ्हाईक म्हणूनच बोलले. एकाने “बँकेला दाखवायचे आहेत” म्हणून शेअर सर्टिफिकेटचे आणि माझ्या आधार कार्डाचे फोटो मागितले. मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. पुढच्या आठवड्यात आमचं घर तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या भावांनी जाहिरातीत झळकलं, आणि एका ठिकाणी तर भाड्याने द्यायचं म्हणून. माणूस समोर येऊन घर बघून जात नाही तोवर एकही कागद फोनवरून बाहेर जाऊ देऊ नका. नंतर दाखवायचाच असेल तर झेरॉक्सवर ‘फक्त पाहण्यासाठी’ आणि तारीख असं आडवं लिहून द्या.

आणखी एका माणसाने घर न बघताच पसंत केलं. सैन्यात आहे, बदली झाली आहे, टोकन लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं तो म्हणाला. शेजारची मुलगी नेमकी तेव्हा घरात होती, तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. घर विकणाऱ्यांना असे फोन सर्रास येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता खरी चूक. लेझरवाल्या जोडप्याशीच व्यवहार ठरला. मोजमापाचा घोळ होऊनही त्यांना घर आवडलं होतं आणि मलाही ती मुलं आवडली होती. त्यांनी १ लाखाचा चेक दिला. मी वहीतलं पान फाडून लिहिलं, ‘फ्लॅटपोटी टोकन म्हणून रुपये १ लाख मिळाले’, आणि सही केली. इतकंच. व्यवहार किती दिवसांत पुरा करायचा, कर्ज नामंजूर झालं तर काय, माझ्या कागदांत काही निघालं तर काय, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं.

त्यांच्या बँकेच्या वकिलाने फाईल मागितली. आमच्या फाईलमध्ये बाबांचा बिल्डरबरोबरचा करार होता, १९८६ सालचा, ५ रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. पिवळा पडलेला कागद, वर जांभळा शिक्का आणि खाली बाबांची ठळक सही. मुंबईत १९८०च्या दशकातल्या कितीतरी घरांचे करार असेच आहेत. पण १० डिसेंबर १९८५ पासून घराच्या अशा करारांवर बाजारभावाप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झालं, आणि आमचा करार त्यानंतर काही महिन्यांचा. शिवाय तो नोंदवलेलाच नव्हता. बाबा आणि आई या कागदावर छत्तीस वर्षं निर्धास्त राहिले होते. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट दिलं, वीजबिल नावावर आलं, मग आणखी काय हवं, अशीच समजूत होती. वकिलाने लेखी कळवलं की साखळीतला पहिलाच दुवा कच्चा आहे.

दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. २०२२ मध्ये आई गेली तेव्हा सोसायटीच्या नोंदीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे घर माझ्या नावावर होईल असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. नॉमिनी मालक होत नाही. वारसांच्या वतीने घर सांभाळणारा, एवढंच त्याचं स्थान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातही नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. म्हणजे बहीण आणि भाऊ यांच्या सह्यांशिवाय घर विकता येत नव्हतं.

दोघांपैकी कुणाचाच विरोध नव्हता, पण भावाच्या बाबतीत वेगळाच प्रश्न आला. तो अनिवासी भारतीय. तो विकणाऱ्यांत राहिला असता तर त्याच्या वाट्यावर घेणाऱ्याला नेहमीच्या १ टक्क्याऐवजी कितीतरी जास्त दराने टीडीएस कापावा लागला असता, आणि पगारदार गिऱ्हाईक या कटकटीत पडायला तयार नसतं. म्हणून दोघांनी माझ्या नावे हक्कसोड पत्र करायचं ठरलं. भावाने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. तो कागद कुरिअरने आला. परदेशात झालेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, तोही लावला. मग दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोड पत्र नोंदवलं.

हे करण्यापूर्वी सीएला विचारा, असं मी कळकळीने सांगते. आम्ही नंतर विचारलं. घर माझ्या एकटीचं झाल्यामुळे विक्रीवरच्या नफ्याचा सगळा कर माझ्या नावावर आला. मी भावंडांचा वाटा त्यांना बक्षीस म्हणून दिला, आणि सख्ख्या भावंडांमधल्या बक्षिसावर आयकर नाही, पण नाशिकला नवं घर घेऊन बहिणीला तिच्या वाट्यावर जी सवलत मिळाली असती ती गेली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मलाच अजून लागून राहिलं आहे. जुन्या घराची १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घेता येते आणि कर बराच कमी होतो, हेही आम्हाला सीएकडेच कळलं.

मुद्रांकाच्या बाबतीत मात्र नशिबाने हात दिला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना सुरू झाली. १९८० ते २००० या काळातल्या दस्तांवर कमी भरलेलं शुल्क १ लाखापर्यंत असेल तर शुल्क आणि दंड दोन्ही पूर्ण माफ. आमचं त्यात बसलं. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मूळ करार, अर्ज, सोसायटीचं पत्र असं सगळं दिलं, आणि प्रमाणपत्र आल्यावर वकिलांनी मूळ करार जोडून घोषणापत्राचा दस्त तयार करून तो नोंदवून घेतला. ती योजना आता संपली आहे. ज्यांच्या कपाटात असा ५ रुपयांचा करार पडून आहे, त्यांनी विकायचा विचार नसला तरी तो आजच वकिलाला दाखवावा. थकलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो.

पण या सगळ्याला वेळ लागला आणि ते जोडपं थांबू शकलं नाही. त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत संपत होती. त्यांनी टोकन परत मागितलं, शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी आणि एका महिन्याचं भाडं. मुलीचे वडील आले होते. शांतपणे म्हणाले, “ताई, कागद तुमचे कच्चे होते, मग नुकसान आमचं का?” त्यांचं बरोबर होतं. पण वहीच्या त्या पानावर काहीच लिहिलेलं नसल्यामुळे किती देणं न्याय्य, हे ठरवायला आम्हा दोघांकडे आधारच नव्हता. दोन आठवडे फोनाफोनी झाली, आवाज चढले. शेवटी मी १ लाख आणि प्रोसेसिंग फी दिली.

म्हणून विसार पावती वकिलाकडूनच लिहून घ्या, दोन पानं झाली तरी चालेल. एकूण किंमत, कार्पेट क्षेत्रफळ आणि करारावर किती दिवसांत सह्या करायच्या हे त्यात यायला हवं. कर्ज नामंजूर झालं तर टोकन पूर्ण परत की काही कापून, विकणाऱ्याच्या कागदांत दोष निघाला तर दुरुस्तीला किती दिवस आणि मग काय परत द्यायचं, घेणाऱ्याने कारण नसताना माघार घेतली तर किती जप्त, हे आकड्यांत लिहा. मुद्रांक शुल्क घेणाऱ्याचं, सोसायटीचा हस्तांतरणाचा खर्च कुणाचा, टीडीएस कोण आणि कधी भरणार, हेही. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कापून भरतो, आणि तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर तो दर २० टक्क्यांवर जातो. पॅन आधी तपासा.

दुसरं गिऱ्हाईक फेब्रुवारीत आलं. तेव्हा फाईल तयार होती, आणि दोन्ही वेळच्या बोलण्यातला फरक मला स्पष्ट जाणवला. मूळ करार, प्रमाणपत्र, हक्कसोड पत्र, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ‘बाकी नाही’ दाखला, असं सगळं क्रमाने लावलं होतं. भावात मात्र मी थकलेली होते आणि समोरच्याला ते दिसलं असावं, म्हणून ४ लाख उतरले. मधल्या काळात एकजण १५ लाख रोखीने आणि बाकीचे चेकने देतो म्हणाला होता. मी नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाईच आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होतो. बाबांनी घामाच्या पैशांनी घेतलेलं घर अशा पैशात विकायचं नव्हतं.

सोसायटीच्या कमिटीने हस्तांतरणासाठी ‘इमारत निधी’ म्हणून १ लाख मागितले. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हस्तांतरणाचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही, आणि ऐच्छिक देणगीच्या नावाने सक्ती करता येत नाही. तोंडी वाद न घालता मी आदेशाचा उल्लेख करून पत्र दिलं आणि पोच घेतली. पुढच्या सभेत २५ हजारांवर निकाल लागला.

नोंदणी झाल्यावर घेणाऱ्याने चावी मागितली, रंगकामाला माणूस बोलावला होता म्हणून. बँकेच्या कर्जाची रक्कम अजून यायची होती. माझं मन पातळ झालं होतं, पण वकिलांनी आधीच बजावलं होतं की पैसे पूर्ण खात्यात दिसेपर्यंत चावी नाही. पाच दिवसांनी पैसे आले. त्याच दुपारी मी मुलुंडला गेले. फाईलमधले मूळ कागद एकेक करून घेणाऱ्याच्या पत्नीच्या हाती दिले, प्रत्येकाची यादीत नोंद केली आणि यादीखाली तिची सही घेतली. १९८६ चा करार हातात आल्यावर ती थांबली. म्हणाली, “काकू, ही सही तुमच्या वडिलांची का?” मी हो म्हटलं, आणि खाली कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या एका पानाची रंगीत झेरॉक्स काढून आणली.