छपरातील झरोका आणि पावसाचे पाणी

घराच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत उजेड आणावयाचा, तर छपरात काचेचा झरोका ठेवणे हा सोपा उपाय होय. परंतु असा झरोका पावसाळ्यात गळणारच, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः अखंड काचेतून पाणी झिरपत नाही. गळती होते ती बहुधा काच, चौकट व छप्पर यांच्या सांध्यांतून.

१८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला. त्या घाटाच्या मातीच्या कौलांमध्ये त्याच आकाराचे काचेचे कौल बसविता येते. त्याची वरची कड वरच्या कौलाखाली दडते व खालची कड खालच्या कौलावर येते. त्यामुळे कोणतेही लुकण न लावता पाणी उतारावरून निघून जाते. पाण्याला अडविण्यापेक्षा वाट करून द्यावी, हे तत्त्व या साध्या रचनेत सामावलेले आहे.

मोठ्या झरोक्यालाही हेच तत्त्व लागू पडते. उतरत्या छपरावर चौकटीभोवतीचा पत्रा वरच्या बाजूस कौलांखाली आणि खालच्या बाजूस कौलांवर असावा. काँक्रीटच्या गच्चीवर चौकट थेट बसवू नये. भोवती सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा कठडा बांधून जलरोधक थर त्याच्या माथ्यापर्यंत चढवावा, काचेला उतार द्यावा आणि चौकटीची कड कठड्याबाहेर खाली वळवावी. केवळ लुकणावर विसंबणे धोक्याचे असते. अ‍ॅल्युमिनियम उन्हाने काचेच्या सुमारे अडीचपट प्रसरण पावते. या रोजच्या ताणाने लुकणाला कालांतराने भेगा पडतात.

पाऊस नसताना थंडीच्या सकाळी काचेच्या आतल्या बाजूस थेंब दिसले, तर ती बहुधा गळती नसून खोलीतील बाष्प गार काचेवर जमलेले असते. तेथे लुकण व्यर्थ होय. वायुवीजन वाढवावे किंवा दुहेरी काच बसवावी.

पावसाळ्यापूर्वी झरोक्याभोवतीचा पालापाचोळा काढून परीक्षा करावी. पाणी प्रथम खालच्या कडेवर व मग क्रमाने वर सोडावे, म्हणजे सदोष सांधा नेमका सापडतो. काचेवर मात्र कधीही पाय देऊ नये. भिंतीवरचा डाग गळतीच्या जागेपासून दूरही उमटू शकतो, आणि तो दिसेपर्यंत वासे कुजू लागलेले किंवा काँक्रीटमधील लोखंड गंजू लागलेले असते. म्हणून ही परीक्षा डाग पडण्याची वाट न पाहता दरवर्षी करणे श्रेयस्कर.