एका पत्राची गोष्ट

आपल्या कल्याणची यमुना नावाची मुलगी १८६५ साली जन्मली. लग्नानंतर ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत दगावला. वेळेवर औषधपाणी मिळाले नाही. बायका पुरुष डॉक्टरापुढे जायला लाजत. आनंदीबाईंनी ठरविले, आपणच डॉक्टर व्हायचे.

पण पैसा कुठला? नवरा गोपाळराव टपाल खात्यात चाकरीला. त्यांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापले होते. तिथल्या कार्पेंटरबाईंनी ते वाचले. ना ओळख, ना पाळख. तरी त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी बोलाविले. १८८३ साली आनंदीबाई नवऱ्यावाचून बोटीने निघाल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्या, पण क्षयाने गाठले. १८८७ साली वारल्या. वय अवघे एकवीस.

शाळेत आम्ही हे सांगत असू, तेव्हा पोरे विचारीत, "मग गुरुजी, शिकून उपेग काय?"

आम्ही म्हणत असू, बाबांनो, वाट तर पडली! पुढे रखमाबाई विलायतेत शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली.

आता ठाण्या-डोंबिवलीची पोरे परदेशी शिकतात. चांगले आहे. पण ते शिक्षण आपल्या माणसांच्या अडीनडीला आले, तरच गरिबी हटेल.

आता तुम्ही करा : परगावच्या आपल्या माणसाला चार ओळींचे पत्र लिहा. गावात कशाची अडचण आहे, ते त्यात लिहा.