द्रवाने श्वास घेता येईल काय?

प्रश्न : बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना प्रचंड त्वरण सोसण्याचा सराव देतात. फुप्फुसांत द्रव भरल्यास तो ताण सुसह्य होईल काय?
– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : आपली कल्पना सर्वस्वी निराधार नव्हे, कारण ज्यात प्राणवायू विपुल विरघळतो अशा फ्लुओरोकार्बन द्रवात बुडविलेले उंदीर श्वास घेत जिवंत राहतात, याचा दाखला क्लार्क आणि गोलन यांनी 1966 मध्येच दिला. परंतु प्राणवायू आत पोचविण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणे अधिक दुष्कर. हवेच्या हजारपटीहून अधिक जड असा द्रव आत-बाहेर ढकलताना छातीचे स्नायू थकतात आणि रक्तात आम्लता साचते. शिवाय हा द्रव पाण्याच्याही जवळजवळ दुप्पट जड असल्याने, ज्या त्वरणापासून संरक्षणाची तजवीज करावयाची, त्याच त्वरणात तो फुप्फुसांवर अधिकच भार टाकील, ही विसंगती उत्साही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. रोगोपचारासाठी फुप्फुसांत असा द्रव भरण्याच्या प्रयोगांपैकी अकालजात अर्भकांवरील 1996 चे निष्कर्ष आशादायक होते खरे. तथापि प्रौढ रुग्णांवरील, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाहीच, उलट फुप्फुसाबाहेर हवा साचण्याचे प्रकार वाढले. तूर्त वैमानिकाची भिस्त दाबवस्त्र, श्वसनाचा सराव आणि प्राणवायूचा मुखवटा यांवरच आहे.