हुशार आहे, पण लिहीत नाही

चंद्रग्रहण दर पौर्णिमेला का होत नाही, हे सहावीतला मुलगा फळ्यासमोर उभा राहून अख्ख्या वर्गाला समजावतो. तोच प्रश्न चाचणीत आला की कशीबशी दीड ओळ लिहितो. तीत घ-ध, भ-मची अदलाबदल, जोडाक्षरं तुटलेली. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितो. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो : हुशार आहे, पण आळशी.

आळस नव्हे, अध्ययन अक्षमता असू शकते. ती लवकर लक्षात येत नाही, कारण तल्लख मूल बुद्धीच्या जोरावर ती झाकत राहतं. २००९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या कॅरल ग्रायडर यांना डिस्लेक्सिया आहे. शाळेत स्पेलिंगसाठी त्यांना वेगळ्या वर्गात बसवत. अक्षरं जुळवून शब्द वाचता येईना, म्हणून त्या शब्दच्या शब्द पाठ करत. पुढे प्रवेश परीक्षेत गुण कमी पडल्यामुळे बहुतेक विद्यापीठांनी त्यांना नाकारलं.

तपासणी करून घेताना पालकांनी बुद्ध्यंकाच्या एका आकड्यावर थांबू नये. आकलन आणि तर्क खूप वर, लिहिण्याचा वेग नि कार्यकारी स्मृती खाली असेल, तर सरासरी ‘सर्वसाधारण’ निघते आणि मुलाच्या दोन्ही बाजू दडतात. अहवालात प्रत्येक उपचाचणीचे गुण मागून घ्यावेत.

मग शाळा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. ती लवकरात लवकर ओळखणं आणि मुलाच्या गरजेनुसार सोय करणं हे सरकारमान्य शाळांचंही कर्तव्य आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांकडे उपकार मागितल्यासारखं जाण्याचं कारण नाही. वर्गशिक्षिकेशी भांडण्याचंही नाही, तिच्या वर्गात बहुधा साठ मुलं असतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि मागणी नेमकी असावी : फळ्यावरचं उतरवण्याऐवजी टिपणांची प्रत, विज्ञान-इतिहासात शुद्धलेखनाचे गुण न कापणं, काही उत्तरं तोंडी, घटक चाचणीपासूनच जादा वेळ.

याच अर्जात दुसरी मागणीही हवी, आणि नेमकी तीच राहून जाते. मुलाची बौद्धिक भूक भागेल असं काम. रोज मधल्या सुट्टीत उजळणी आणि विज्ञान प्रदर्शनातून मात्र नाव कमी, असं झालं तर मूल शाळेवरच रुसतं. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. हाताने आणि तोंडाने चमकणाऱ्या मुलाला तिथे वाव मिळतो.

दहावीच्या सवलती निवडताना तर फार जपावं. राज्य मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती मिळतात. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याचाही पर्याय मिळत आला आहे. ज्याला संख्यांचीच खरी अडचण आहे, त्याला तो पर्याय तारतो. पण भूमिती डोळ्यांपुढे उभी करणाऱ्या, फक्त लिहिताना अडखळणाऱ्या मुलाने टक्केवारीसाठी गणित सोडलं, तर अभियांत्रिकीची वाट तिथेच अडते. अशा मुलासाठी लेखनिक आणि वेळ मागावा, गणित ठेवावं. लेखनिकाला सांगून लिहून घेण्याचा सराव आठवीपासून करावा. ते कौशल्य ऐनवेळी येत नाही.

या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या रुग्णालयाचंच लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. खासगी अहवालावर मंडळ सवलत देईल, असं गृहीत धरू नये.

२०२१च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डिसग्राफिया (लेखनाची अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीकडे प्रमाणपत्र होतं, तरी केंद्रावर तिला जादा तास मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही. मात्र झालेल्या अन्यायावर उपाय शोधण्याचा आदेश परीक्षा यंत्रणेला दिला. पालकांनी यातून घ्यायची खबरदारी साधी आहे : अर्ज भरतानाच दिव्यांगत्वाचा रकाना भरावा, प्रवेशपत्रावर तशी नोंद आली का ते पाहावं आणि परीक्षेला जाताना जादा वेळेच्या नियमाची छापील प्रत प्रमाणपत्रासोबत ठेवावी.