घरच्या संगणकास संरक्षण किती हवे?

ज्या संगणकावर विद्यार्थी अभ्यास करतो, त्याच संगणकावर माळशिरस परिसरातील पालक महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, सातबारा काढतात आणि बँकेचे व्यवहार करतात. म्हणून हेरगिरी करणाऱ्या प्रणालीचा, म्हणजे स्पायवेअरचा, विचार आपण केलाच पाहिजे. ती संगणक बंद पाडत नाही. टंकलेला पासवर्ड गुपचूप टिपून परक्याच्या हाती देते.

मग संरक्षण किती असावे? संगणकात काय आहे व तो कोण वापरतो, यावरून ते ठरवावे. केवळ अभ्यासाच्या संगणकास विंडोजमधील अंगभूत डिफेंडर सहसा पुरेसा होतो. मात्र विंडोज अद्ययावत हवे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात ठेवावे.

बँकेचे व्यवहार होत असतील, तर मुलांसाठी प्रशासकीय अधिकार नसलेले वेगळे खाते उघडावे आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालविल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. शंका आल्यास केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरावीत. पैसे गेल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे.

चोरीची, 'फुकट' मिळणारी सॉफ्टवेअरे हेच हेराचे आवडते प्रवेशद्वार असते. ते बंद ठेवण्यास पैसा लागत नाही, विवेक लागतो. आणि तो अंगी बाणविणे हेच शिक्षणाचे कार्य आहे, असे आम्ही मानतो.