गच्चीवरचे विमान आणि पहिल्या उड्डाणाची पूर्वतयारी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील कांदिवली येथे एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले, ही हकिकत आता बहुतेकांना परिचित आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हजारो लोकांनी हे विमान जवळून पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि ‘व्हीटी-एनएमडी’ ही अक्षरे त्यास मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आली. ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा पार पडला.

प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षे लोटली. यातील बराच काळ कागदपत्रांच्या प्रवासात गेला, हे मान्य करावयास हवे. घरी विमान बांधणारा नागरिक ही आपल्या नियमावलीस फारशी सवयीची व्यक्ती नव्हे. परंतु सर्व परवानग्या पहिल्याच दिवशी हाती असत्या, तरीही दिसण्यात पूर्ण झालेले विमान दुसऱ्या दिवशी उडवता आले नसते. ते का, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याजोगे आहे.

जुहू नव्हे, धुळे

उपनगरवासीयाच्या मनात प्रथम येणारा प्रश्न असा की, कांदिवलीपासून हाकेच्या अंतरावर जुहूचा विमानतळ असताना विमान तीनशेहून अधिक किलोमीटर दूर का न्यावे? जुहूचा विमानतळ १९२८ चा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते येथेच. परंतु त्या काळी भोवती मोकळी जमीन व खाजणे होती. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पलीकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत छपरास छप्पर लागले आहे. २८ जून २०१८ रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून निघालेले एक छोटे विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळले. विमानातील चौघे व रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. ते तर कारखान्यात तयार झालेले, वर्षानुवर्षे उडालेले विमान होते. जे कधीच उडालेले नाही त्याची परीक्षा लोकांच्या डोक्यावर घेता येत नाही. चाचणीची जागा निवडताना धावपट्टीच्या लांबीइतकेच महत्त्व तिच्या दोन्ही टोकांपलीकडील मोकळ्या जमिनीस असते.

जमिनीवरील परीक्षा

गच्चीवर बांधलेल्या विमानाची एक खास अडचण असते. ते खाली उतरवण्यासाठी सुटे करावे लागते, पुन्हा जोडावे लागते, धावपट्टीकडे नेताना पुन्हा सुटे करावे लागते. प्रत्येक जोडणीत एखादा बोल्ट सैल राहण्याची किंवा एखादी तार उलटी जोडली जाण्याची शक्यता असते. वैमानिकाने दांडा डावीकडे कलवला की डाव्या पंखाच्या टोकाची झडप वर उठली पाहिजे व उजवीकडील खाली गेली पाहिजे. ही जोडणी उलटी झाली तर जमिनीवर काहीच जाणवत नाही. विमान हवेत जाते आणि सावरण्याच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर अधिकच कलते. जगात अनुभवी तंत्रज्ञांच्या हातूनही ही चूक होऊन माणसे दगावली आहेत. म्हणून ही तपासणी ज्याने जोडणी केली त्याने एकट्याने करावयाची नसते. दुसरा माणूस लागतो, आणि तो ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणणारा मित्र नसावा.

त्यानंतर वजन. ग्रामीण वाचकास हे बैलगाडीवरून चटकन उमगेल. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते. पुढे जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसते. विमानाचेही तसेच. त्याचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला तर नाक आपोआप वर उचलले जाऊ लागते आणि दांडा कितीही पुढे लोटला तरी ते खाली येत नाही. हा मध्य काढण्यास शाळेतील गणित पुरते. उदाहरणादाखल, विमान तीन काट्यांवर उभे केले. नाकाखालील चाकावर १५० किलो आणि मागील दोन चाकांवर प्रत्येकी ४२५ किलो भार आला. एकूण वजन १,००० किलो. मागील चाके नाकाच्या चाकापासून २ मीटर अंतरावर असतील, तर ८५० गुणिले २ भागिले १,००० म्हणजे १.७, अर्थात गुरुत्वमध्य नाकाच्या चाकामागे १.७ मीटरवर आहे. हा आकडा आराखड्यातील मर्यादेत बसतो की नाही, हे वैमानिक व इंधन धरून पाहावयाचे. रंगाचा एक जादा हातही शेपटीकडे काही किलो वाढवतो. म्हणून वजन रंगकामानंतरच घेतात.

इंजिनाच्या बाबतीत केवळ ते सुरू होते एवढ्यावर समाधान मानता येत नाही. उड्डाण घेताना नाक वर असते, टाकी तिरपी होते आणि इंजिनाची भूक त्याच क्षणी सर्वाधिक असते. म्हणून विमानाचे नाक तितकेच उंचावून, इंधनाची नळी इंजिनापाशी सोडवून, ठरावीक वेळात किती इंधन येते ते भांड्यात मोजतात. पंप असल्यास इंजिनाच्या कमाल गरजेच्या सव्वापट, आणि इंधन नुसत्या उतारावरून येत असल्यास दीडपट प्रवाह मिळावा, असा अमेरिकेतील प्रघात आहे. हौशी बांधणीच्या विमानांसाठी तेथील हवाई प्रशासनाने १९८९ मध्ये एक चाचणी-पुस्तिकाच काढली. तेथील अपघात-अन्वेषण मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासातही अशा विमानांच्या अपघातांची दोन ठळक कारणे इंजिन बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे हीच आढळली.

मग विमान धावपट्टीवर चालवून पाहतात. प्रथम माणसाच्या चालीने, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवत. ब्रेक एका बाजूस ओढतो का, तेलाचे तापमान चढते का, वेगदर्शक काटा हलतो का, हे येथे कळते. या धावण्याचा मोह मोठा असतो. चाके हलकी झाली की विमान उडू पाहते आणि मनही. परंतु तो दिवस उड्डाणाचा म्हणून ठरलेला नसेल तर वैमानिकाने जमीन सोडता कामा नये. अर्धवट तयारीने घडलेले उड्डाण हे उड्डाण नसून अपघाताचा पूर्वार्ध असतो.

राइट बंधूंच्या उदाहरणाकडे या दृष्टीने पाहावे. १९०२ मध्ये त्यांनी बिनइंजिनाच्या विमानातून सुमारे हजार वेळा तरंगून सराव केला होता. तरीही १४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक जिंकून विल्बर प्रथम चढले तेव्हा नाक जास्त उचलले जाऊन विमान वाळूत आदळले. तीन दिवस दुरुस्तीत गेले. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल यांचे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे उड्डाण झाले. साक्षीदार होते, छायाचित्र होते, वाऱ्याचा वेग लिहिलेला होता. आपल्याकडे १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याचे अभिमानाने सांगितले जाते. अशी समकालीन नोंद मात्र त्या प्रसंगाची हाती नाही. नोंदवही हा पूर्वतयारीचाच भाग आहे.

तो दिवस

पहिल्या उड्डाणासाठी पहाट बरी, कारण वारा मंद व हवा स्थिर असते. अग्निशामक साधने व रुग्णवाहिका धावपट्टीशी उभी असावी. तेथील माणसांना विमानाचा दरवाजा कसा उघडतो, इंधनाची कळ कोठे आहे, हे आदल्या दिवशी दाखवून ठेवावे. बघ्यांची गर्दी, हारतुरे आणि निमंत्रितांची यादी यांपासून दूर राहणे उत्तम. लोक जमले आहेत म्हणून उडावे लागणे, हे उड्डाणाचे कारण होऊ शकत नाही. बांधणारा स्वतः वैमानिक असला तरी थकलेल्या मनाने, सरावाविना त्याने चढू नये. वर्षानुवर्षे हातोडी धरणाऱ्याचा दांड्यावरील हात बोथट होतो.

उड्डाण घेताच इंजिन बंद पडले तर काय, याचे उत्तर आधीच पाठ असावे लागते: समोर जेथे मोकळी जमीन दिसेल तेथे उतरावे. मागे वळून धावपट्टी गाठण्याच्या धडपडीत वेग मोडतो, पंखांचे उचलबळ नाहीसे होते आणि खालील जमीन सावरण्यास पुरत नाही. चाके पोटात घेणारे विमान असले तरी त्या दिवशी ती उघडीच ठेवतात. विमान धावपट्टीच्या आवाक्याबाहेर नेत नाहीत. सुरक्षित उंचीवर वेग सावकाश कमी करून ते उतरण्याच्या वेगास कसे वागते ते पाहतात आणि परततात. उतरल्यावर इंजिनावरील झाकण काढून गळती, तडे, सैल बोल्ट शोधले जातात आणि सर्व आकडे वहीत चढतात.

विमानात सहा आसने असली तरी या टप्प्यात एकच भरलेले असते. अमेरिकेत अशा विमानास २५ ते ४० तासांची चाचणी पुरी होईपर्यंत प्रवासी नेता येत नाहीत. भार वाढवण्याची वेळ येते तेव्हाही मागील आसनांवर प्रथम बसतात ती वाळूची पोती. वजन करून, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली.